बहात्तर तासांची सही

कोट अप्पांना सैल होत होता आणि आत्याला त्याचंच हसू येत होतं.

"दादा, निवृत्त झालास तेव्हा याची बटणं लागत नव्हती," ती म्हणाली. "आता आत आणखी एक म्हातारा मावेल."

"मग तू ये आत," अप्पा म्हणाले आणि आरशासमोर पुन्हा ताठ उभे राहिले.

उद्या सकाळी अकरा वाजता नव्या वीजकेंद्राचं उद्घाटन होतं आणि वीजखात्यातला सगळ्यात जुना हयात कर्मचारी म्हणून अप्पांचा व्यासपीठावर सत्कार व्हायचा होता. अडतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली तेव्हा या माणसाला कुणी खुर्ची सरकवून दिली नव्हती. आता नुसतं जिवंत राहिल्याबद्दल मंत्र्यांच्या शेजारची खुर्ची मिळणार होती. पण अप्पा खूश होते. तीन आठवड्यांत त्यांनी हा कोट चार वेळा घालून पाहिला होता, आणि "दोन शब्द बोला म्हणाले तर काय बोलू?" हे ताईला रोज विचारलं होतं.

ताई खिडकीशी बसून त्यांच्याकडे बघत होती. वडिलांना इतकं खूश बघून तिला आनंद व्हायला हवा होता. पण गुरुवारपासून तिला अन्न गोड लागत नव्हतं, कारण त्या नव्या यंत्राच्या चाचणीचं प्रमाणपत्र तिच्या सहीसाठी अडून बसलं होतं. चाचणी विभागाची ती मुख्य. 'यंत्र पूर्ण भारावर सलग बहात्तर तास चालले' असं त्या कागदावर टाइप करून तयार होतं, खाली तिचं पदनाम होतं, आणि यंत्रानं आजवर एक दिवासुद्धा पेटवला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी साहेबांनी तिला बोलावून म्हटलं होतं, "दोन दिवस विश्रांती घ्या मॅडम, फार दगदग झाली." बावीस वर्षांच्या नोकरीत तिला कुणी पहिल्यांदाच विश्रांती घ्यायला सांगितली होती.

"मेगावॉट किती वाजता येणार आहे?" आत्यानं विचारलं.

मेगावॉट म्हणजे ताईचा मधला भाऊ. तो ऊर्जामंत्र्यांचा प्रसिद्धी अधिकारी होता आणि हे नाव त्याला आत्यानंच दिलं होतं, कारण सहा वर्षांत तो घरी आला आणि एखादा नवा आकडा ऐकवल्याशिवाय गेला, असं झालं नव्हतं. पहिल्या वर्षी प्रकल्पाची प्रगती बावन्न टक्के होती. दुसऱ्या वर्षी एक्क्याऐंशी झाली. तिसऱ्या वर्षी ती चौऱ्याण्णव झाली आणि तिथंच मुक्काम ठोकून राहिली. या चौऱ्याण्णवात कुंपणाची भिंत होती, अतिथिगृह होतं, कारंजं होतं, तीन मंत्र्यांनी तीन वेळा बसवलेले पायाचे तीन दगड होते. उरलेल्या सहा टक्क्यांत फक्त गॅस होता. गॅसची पाइपलाइन अकरा किलोमीटरवर येऊन थांबली होती, कारण पुढची जमीन कुणाची यावर दोन खात्यांचं भांडण चालू होतं, आणि दोन्ही खाती एकाच मंत्र्याकडे होती.

"चारला येतो म्हणालाय," धाकटा भाऊ टेबलापासून म्हणाला. जेवून तासभर झाला तरी तो खुर्चीवरून हलला नव्हता. त्याचा बर्फाचा कारखाना होता, आणि सहा वर्षांच्या वीजकपातीनं कारखान्याआधी त्याचाच चेहरा विरघळल्यासारखा झाला होता. "माझं जरा काम आहे त्याच्याकडे. म्हणजे काम असं नाही. बोलायचं आहे."

मधला आला तो बरोबर चारला. रविवार असूनही ओळखपत्र गळ्यात लटकत होतं आणि काखेत दोन पाकिटं होती. त्यानं अप्पांना कोटात पाहिलं आणि तोंडभरून कौतुक केलं. मग त्यातलं एक पाकीट ताईपुढे टेबलावर ठेवलं. त्यात काय आहे हे तिनं न उघडताच ओळखलं.

"ताई, आत्ता लगेच नको. चहा घे, शांतपणे वाच, मग सही कर," तो म्हणाला.

"वाचलंय मी. परवाच वाचलंय."

"मग काय राहिलंय?"

"यंत्र चालायचं राहिलंय."

धाकटा हसला. मधला नाही हसला. अप्पा कोटाची बाही ओढता ओढता थांबले, आणि तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंदावला, दोन सुस्त गिरक्या घेऊन बंद पडला. कोपऱ्यातल्या फ्रिजची घरघर थांबली. शेजारच्या घरातून, पलीकडच्या रस्त्यावरून "गेली, गेली!" असे आवाज आले.

"आज साडेसहाला जायची होती," धाकटा ताडकन उठला. "वेळापत्रकात साडेसहा आहे! साच्यांत पाणी भरून ठेवलंय मी!" त्यानं फोन कानाला लावला आणि तिकडच्या माणसावर ओरडू लागला, की कॉम्प्रेसर बंद पडला असेल तर टाकीची झाकणं लावा, गोणपाट टाका, दारं उघडू नका.

अप्पांनी मात्र सवयीनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि दाराजवळ खिळ्याला लटकणारी वही काढली. तिला दोऱ्यानं पेन बांधलेलं होतं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी ही वही सुरू केली होती आणि वीज कधी गेली, कधी आली, याची एकही नोंद आजवर चुकवली नव्हती. कंट्रोल रूममधली शिस्तही त्या वहीबरोबर घरात आली होती. चुकलं तर खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता यावा. वर खरा आकडा लिहायचा, बाजूला आपली आद्याक्षरं आणि वेळ. या घरात किराण्याची यादीसुद्धा अशीच सुधारली जायची. धाकट्यानं सातवीत असताना गणिताच्या एकतीस गुणांचे एक्क्याऐंशी केले, तेव्हा अप्पांनी त्याला मारलं नाही. एक रेघ मारायला लावली, वर एकतीस लिहायला लावले, आद्याक्षरं घालायला लावली आणि तेच प्रगतिपुस्तक घेऊन बाईंकडे पाठवलं. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं धाकटा अजून म्हणायचा.

"चार वाजून सात मिनिटं," अप्पांनी लिहिलं.

फोन ठेवून धाकटा वहीवर वाकला. "बघा ना, हे नवीनच सुरू झालंय. गुरुवारी अकरा वीस ते बारा पंधरा. शुक्रवारी चार दहा ते पाच. वेळापत्रकात यांतलं एकही नाही. कुणाला विचारावं तर 'तांत्रिक कारण' म्हणतात."

ताईनं मान वर केली. "पुन्हा सांग. गुरुवारी किती?"

"अकरा वीस."

तिनं पर्समधून आपली डायरी काढली. पानं उलटायची गरज नव्हती, तरी तिनं उलटली. गुरुवारी अकरा बावीसला यंत्र फिरायला लागलं होतं. शुक्रवारी चार अकराला. आणि आज चारला उद्याची रंगीत तालीम होती, म्हणून तर तिला विश्रांती मिळाली होती.

"काय झालं?" धाकट्यानं विचारलं.

"ते यंत्र गॅसवर चालतं," ताई म्हणाली. "पण सुरू करताना त्याला आधी फिरवावं लागतं, आणि ते फिरवायला बाहेरची वीज लागते. दहा मिनिटं. मग गॅस पेटतो, यंत्र आपल्या ताकदीवर चालतं आणि वीज देतं. इथं गॅसच नाही. म्हणून दहा मिनिटांऐवजी तासभर बाहेरच्या विजेवर नुसतंच फिरवतात. पाहुण्यांना चाक फिरताना दिसतं, आवाज येतो, जमीन थरथरते. तेवढं पुरतं त्यांना."

"बाहेरची म्हणजे कुठली वीज?"

ताईनं बंद पंख्याकडे पाहिलं. इतके दिवस हा प्रश्न तिला पडलाच नव्हता याची तिला लाज वाटली.

"म्हणजे माझी!" धाकटा ओरडला. "माझी वीज काढून ते फिरवतायत! हा सगळा भाग बंद करून! चारशे लाद्या आत्ता पाणी होतायत आणि तो... तो पंखा फिरतोय!"

"टंचाई संपवणारं यंत्र," आत्या म्हणाली, "टंचाई खाऊनच मोठं होतंय म्हणायचं." ती चाळीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. लोकांची बोलणी ऐकून ऐकून तिला कुणाचंच आश्चर्य वाटेनासं झालं होतं.

"हे तात्पुरतं आहे," मधला म्हणाला. "सहा महिन्यांत गॅस येतोय."

"सहा महिन्यांत येतोय हे तू मला तीन वर्षांपूर्वी सांगितलंस."

"तेव्हाचे सहा महिने वेगळे होते, आत्या. तेव्हा मंजुरी नव्हती."

"ताई, सही करू नकोस," धाकट्यानं टेबलावर मूठ आपटली. "मेलीस तरी करू नकोस. या लोकांना एकदा तरी कुणीतरी नाही म्हणायलाच पाहिजे. मी आहे तुझ्या पाठीशी."

ताईला बरं वाटलं. लहानपणी त्याला सायकल शिकवताना तीच मागून धावायची. आता पहिल्यांदाच तो तिच्या मागे उभा होता.

हे बरं वाटणं जेमतेम दोन मिनिटं टिकलं. मधल्यानं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खिडकीकडे नेलं. आवाज मुद्दाम फारसा खाली केला नाही, सगळ्यांनी ऐकावं म्हणूनच.

"तू ज्या कामासाठी मला भेटायला थांबलायस ना, ते झालंय. तुझ्या कारखान्याला स्वतंत्र लाईन. कपात नाही, वेळापत्रक नाही. फाईल साहेबांच्या टेबलावर आहे. उद्याचा कार्यक्रम नीट पार पडला की मंगळवारी सही."

"स्वतंत्र?"

"उपकेंद्रापासून थेट."

धाकट्यानं खिडकीच्या गजांवरची धूळ बोटानं पुसली. ताई त्याच्याकडे बघत होती आणि तिला कळत होतं की तो आता वळणार, फक्त कुठल्या शब्दानं वळणार एवढंच बघायचं राहिलंय.

"ताई," तो म्हणाला, "म्हणजे एका अर्थानं, नाही का गं, यंत्र फिरतंय तर खरं."

"फिरतंय," ताई म्हणाली.

"आणि गॅस काय, आज ना उद्या येणारच. तुझ्या एका सहीनं कुणाचं काय बिघडणार आहे? माझ्याकडे बारा माणसं कामाला आहेत गं. मासळी बाजारातले लोक आता दुसऱ्या गावाहून बर्फ मागवायला लागलेत."

"अरे, पाठीशी होतास ना तू?" आत्यानं विचारलं. "किती लवकर पुढे आलास."

धाकट्याचे कान लाल झाले. ताईला त्याचा राग आला आणि कीवही आली. सहा वर्षं अर्धवट गोठलेल्या, मधे पोकळ असलेल्या लाद्या विकून तो टेकीला आला होता. त्याला कुणी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी थेट देऊ करत होतं.

"मी चहा टाकते," ती म्हणाली आणि उठली.

मधला तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. तिला तेच अपेक्षित होतं. तिनं पातेल्यात पाणी घेतलं, शेगडी पेटवली. त्यानं दार लोटून घेतलं, टेबलावरून उचलून आणलेलं नवं प्रमाणपत्र ओट्यावर ठेवलं आणि दुसरं पाकीट उघडलं.

"हे तुला दाखवायचं नव्हतं मला," तो म्हणाला. "अप्पांच्या मानपत्रासाठी जुन्या फाइली काढल्या, त्यात मिळालं. हे फ्रेम करून उद्या मंत्री त्यांच्या हातात देणार होते. मग मी त्याखालची लॉगची पानं वाचली."

कागद पिवळा पडला होता. जुन्या वीजकेंद्राचं, तिसऱ्या यंत्राचं चाचणी प्रमाणपत्र. पूर्ण भारावर सलग बहात्तर तास. खाली अप्पांची सही, तीच, शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवलेली. चौतीस वर्षांपूर्वीची तारीख. त्याला जोडलेल्या लॉगच्या पानांवर एकोणिसाव्या तासानंतर सगळे रकाने कोरे होते.

ताईनं ते दोनदा वाचलं. या घरात ही सही म्हणजे देव होती. त्या तीन दिवसांच्या गोष्टी ऐकतच तिन्ही मुलं वाढली होती. अप्पांनी कसा लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर यंत्राला टेकवून, मुठीला कान लावून, आतला आवाज तासातासाला ऐकला. यंत्राचं ऐकल्याशिवाय अप्पांनी कशी कधीच सही केली नाही. ताई इंजिनिअर झाली ती त्या गोष्टीमुळे.

आणि आता पाणी उकळत असताना तिला आणखी एक गोष्ट आठवली. ती कधी विसरली हेही तिला सांगता आलं नसतं. तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि ते वीजकेंद्राच्या वसाहतीत राहायचे. यंत्राचा हुंकार तिथं चोवीस तास भिंतींतून ऐकू यायचा. तिसरं यंत्र सुरू झालं तेव्हा तो दुप्पट झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अप्पांचा डबा भरला तेव्हा तो पुन्हा पहिल्याइतकाच झाला होता. सगळ्या वसाहतीनं ते ऐकलं होतं. आईनं ऐकलं होतं. तिनंही ऐकलं होतं, डबा फाटकावर दिला होता आणि काही विचारलं नव्हतं.

"तू सही केली नाहीस," मधला हळू आवाजात म्हणाला, "तर चौकशी लागणार. मी लावणार नाही, विरोधक लावतील. मग सगळी जुनी प्रमाणपत्रं बाहेर निघतील. पहिलं हेच निघेल. अप्पांना उद्या कोट घालून व्यासपीठावर बसवायचं की परवा चौकशीला, एवढंच ठरव."

"तुला लाज वाटत नाही?"

"वाटते ना. पण मला ती रोज वाटते, सवय झालीय. तुला एकदाच वाटेल."

हे वाक्य त्यानं इतक्या खऱ्या आवाजात म्हटलं की ताईला क्षणभर तो लहानपणचा, शाळेतून रडत येणारा भाऊ दिसला. मग तिला आरशासमोर ताठ उभे असलेले अप्पा दिसले. तीन आठवड्यांपासून दोन शब्द पाठ करणारे. तिनं ओट्यावर ठेवलेलं नवं प्रमाणपत्र पुढे ओढलं, हात पदराला पुसला आणि म्हणाली, "पेन दे."

त्यानं पेन दिलं. पेनचं टोपण काढेपर्यंत दार उघडलं आणि आत्या आत आली.

"चाळीस वर्षं दोन माणसांच्या मधे बसून ऐकलंय मी," ती म्हणाली. "दार लोटून काय होतंय?" तिनं ओट्यावरचा पिवळा कागद उचलला, चष्मा नाकावर ओढून वाचला, आणि दोघांपैकी कुणालाही हात लावू न देता बाहेर गेली. "दादा, बस जरा. तुझा कागद आलाय."

"आत्या, नको!" ताई मागे धावली. तिच्या आवाजात इतकी काकुळती होती की धाकटासुद्धा खिडकीपासून वळला.

पण कागद अप्पांच्या हातात गेला होता.

अप्पा वाचत राहिले. तो काही फार मोठा मजकूर नव्हता. त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला, वरून हात फिरवला.

"मूळ प्रत आहे," ते म्हणाले.

"हो," मधला म्हणाला. "फ्रेम करायला आणली होती."

"एकोणीस तास चाललं. मग बेअरिंग तापलं. मी कान लावून ऐकलं होतं, सांगितलं होतं बंद करा, आणि केलंही बंद. दुसऱ्या दिवशी बटण दाबायला मंत्री यायचे होते. साहेब म्हणाले, आत्ता सही कर, उरलेले तास नंतर पूर्ण करू."

"मग?" धाकट्यानं विचारलं.

"मग काय? अजून करतायत."

आत्याला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. अप्पा मात्र हसत नव्हते. "एकशेवीस मेगावॉटचं यंत्र. सत्तरच्या वर कधी गेलं नाही. पण कागदावर एकशेवीसच. दरवर्षी टंचाईचा हिशेब करताना ते एकशेवीस धरतात. मी सांगायला गेलो तर म्हणाले, खाली सही तुमचीच आहे. बरोबरच होतं ते. मला त्या सहीवर बढती मिळाली, हे घर मिळालं." ते ताईकडे वळले. "तुला मी ती गोष्ट खोटी सांगितली. पहिल्यांदा सांगितली तेव्हा थांबायला हवं होतं. पण तू इतके मोठे डोळे करून ऐकत होतीस."

ताईला रडू फुटलं. तिनं ते लपवलं नाही.

"अप्पा, झालं ते झालं," मधला घाईनं म्हणाला. "कुणाला कळणार नाही. ताई आता सही करतेच आहे. तुमचा सत्कार..."

"पेन कुठंय?"

वहीचं पेन दोऱ्याला बांधलेलं होतं. अप्पांनी वहीच ओढून मांडीवर घेतली, तिच्यावर पिवळा कागद ठेवला आणि दोरा पुरवत पेन कागदापर्यंत आणलं. काय होतंय हे मधल्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

"अप्पा! सरकारी कागद आहे तो! खोडू नका!"

"खोडत नाहीये," अप्पा म्हणाले. "मी आयुष्यात कागद खोडलेला नाही."

बहात्तरवर त्यांनी एक रेघ मारली. सरळ, बारीक, खालचा आकडा वाचता येईल अशी. वर एकोणीस लिहिलं. बाजूला आद्याक्षरं घातली. मग घड्याळाकडे पाहून तारीख आणि वेळ लिहिली, चार वाजून बावन्न मिनिटं. आकडे नीट आले. चौतीस वर्षांनी का होईना, नोंद दुरुस्त झाली आणि अप्पांनी श्वास सोडला तो खोलीत सगळ्यांना ऐकू आला.

ताई स्वयंपाकघरात गेली. चहाचं पाणी आटून पातेलं करपायला आलं होतं. तिनं शेगडी बंद केली, आपला कागद घेऊन बाहेर आली आणि अप्पांच्या शेजारी बसली. टाइप केलेल्या बहात्तरवर तिनं एक रेघ मारली. वर शून्य लिहिलं. आद्याक्षरं. मग डायरी उघडून शेऱ्याच्या रकान्यात, मोठ्या अक्षरांत, उतरवून काढलं: 'यंत्र गॅसअभावी स्वतःच्या ताकदीवर चाललेले नाही. गुरुवार व शुक्रवार या दोन्ही दिवशी ते बाहेरील विजेवर फिरवण्यात आले. यंत्राने दिलेली वीज: शून्य. यंत्राने घेतलेली वीज: मीटरनुसार नऊ हजार आठशे युनिट.' आणि त्याखाली तिनं पूर्ण सही केली, पदनामासकट.

"घे," ती म्हणाली. "सही हवी होती ना?"

मधल्यानं कागद वाचला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दमणूक होती. "दुसऱ्या कुणाची तरी घेतील. उद्या सकाळपर्यंत नवा कागद टाइप होईल. तुझी मात्र अशा उपकेंद्रात बदली होईल की तिथं जायला रस्तासुद्धा नसेल."

"तिथं वीज असली तरी पुरे," आत्या म्हणाली.

"घेऊ देत दुसऱ्याची," ताई म्हणाली. "माझी नाही, एवढंच मला हवं होतं."

"आणि माझी लाईन?" धाकटा म्हणाला. त्यानं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःशीच मान हलवली आणि चपला शोधू लागला. दारापाशी थांबून ताईला म्हणाला, "त्या नऊ हजार आठशेत माझ्या लाद्याही लिही कुठंतरी." राग होता की माफी, तिला कळलं नाही. बहुधा दोन्ही असावं.

तो पायरी उतरला तेवढ्यात पंखा फिरला. फ्रिज घरघरला. शेजाऱ्यापाजाऱ्यांतून "आली, आली!" असा जल्लोष झाला. टेबलावरचे दोन्ही कागद उडायला लागले तशी ताईनं त्यांच्यावर हात ठेवला.

"पाच वाजून तीन," अप्पांनी वहीत लिहिलं.

"तालीम झाली वाटतं," आत्या म्हणाली. "टाळ्यांचीही घेतली असेल."

मधला पिवळ्या कागदाकडे बघत उभा होता. तो अप्पांच्या हातून परत कसा मागावा हे त्याला सुचत नव्हतं. अप्पांनी तो नीट घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून बटण लावलं.

"अप्पा," मधला घसा साफ करत म्हणाला, "उद्या ऊन फार असणार आहे. व्यासपीठावर दोन-दोन तास बसावं लागतं. तुमच्या वयाला झेपायचं नाही. मी सांगतो त्यांना. मानपत्र घरी पोचवतील."

"गाडी किती वाजता येणार म्हणाला होतास?"

"साडेनऊला. पण अप्पा..."

"मी नऊला तयार असेन," अप्पा म्हणाले. "चौतीस वर्षांत मला कुणी दोन शब्द बोला म्हटलं नव्हतं."